समुद्रफूल ही वनस्पती नव्हे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळींपैकी कोणी ना कोणी जामनगरजवळच्या नरारा बेटावर ओहोटीच्या वेळी फिरून येतं, आणि फॅमिली ग्रुपवर फोटोखाली तेच जुनं वाक्य पडतं: "ही समुद्री वनस्पती. खडकात मूळ धरते, जागची हलत नाही."

साफ चूक. समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, हा प्राणी आहे. जेलीफिश आणि पोवळ्यांचा भाऊबंद. त्याच्या 'पाकळ्या' डंख मारतात. सापडलेलं भक्ष्य मधल्या तोंडात जातं, आणि उरलंसुरलं त्याच तोंडातून बाहेर येतं! खाली मूळ नसतं, चिकट तळवा असतो. त्यावर ते सावकाश सरकतं.

युरोपच्या खडकाळ किनाऱ्यांवरचं ॲक्टिनिया इक्विना हे लाल समुद्रफूल तर चांगलंच भांडकुदळ. पाकळ्यांच्या बुडाशी निळ्या मण्यांची माळ असते. शेजारी फार जवळ आला की हे मणी फुगवून त्याला डंख मारायचा. हरलेला हळूच जागा सोडतो. ओहोटीला ते अंग आवळून पाणी धरून ठेवतं. तेव्हा दिसणारा जेलीसारखा गोळा मेलेला नसतो.

शिवाय आयुष्यही चिवट. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून १८२८ साली आणलेलं एक समुद्रफूल काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगलं. लोक त्याला 'आजी' म्हणत.