टॅग काढू नका : आमच्या दुकानातल्या खरेदीविषयी थोडंसं

नमस्कार,

गावोगावच्या कारागिरांनी हाताने बनवलेल्या वस्तू विकणारं आमचं हे दुकान स्वयंसेवक चालवतात. गेल्या दिवाळीनंतर हिशोबाला बसलो, तेव्हा विकल्या गेलेल्या 41 वस्तूंचे टॅग सापडेनात. वस्तू गेल्या, पैसे जमा झाले, बिलंही होती. पण वस्तू कोणाच्या हातची, हे सांगणारा कागदच नव्हता. बिलावर नुसतं ‘गोधडी, सिंगल’. आमच्यासाठी सिंगल गोधड्या शिवणाऱ्या नऊजणी आहेत. त्यांतल्या कोणाची गेली? तिघं स्वयंसेवक दोन रविवार उरलेला माल मोजत बसले. काही टॅग भलत्याच वस्तूंना अडकलेले निघाले, आणि 17 वस्तूंचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

नेहमी येणाऱ्यांना आमचं दुकान पाठ आहे. पण टॅगचं नेमकं काम काय, हे आम्हीच कधी नीट सांगितलं नव्हतं. म्हणून हे पत्रक. वारंवार विचारल्या जाणाऱ्या आणखी काही गोष्टीही यात घेतल्या आहेत.

टॅगवर काय असतं

खाकी पुठ्ठ्याचा टॅग सुती दोऱ्याने वस्तूला बांधलेला असतो. त्याच्या मधोमध बारीक भोकांची रेघ आहे. वरच्या अर्ध्यावर किंमत आणि क्रमांक. खालच्या अर्ध्यावर तोच क्रमांक, गावाचं नाव, आणि मागे वस्तू कशी जपायची ते दोन ओळींत. क्रमांक असा दिसतो : गो-4-112. ‘गो’ म्हणजे गोधडी, 4 हा शिवणारीचा क्रमांक, आणि ही तिच्याकडून आलेली एकशे बारावी गोधडी. बिल करताना वरचा अर्धा आम्ही फाडून घेतो आणि वहीत त्या त्या माणसाच्या पानाला टाचतो. खालचा अर्धा तुमच्याबरोबर घरी येतो.

‘विकलं तर पैसे, नाही तर माल परत घेऊन जा’ या बोलीवर आम्ही कोणाचा माल ठेवत नाही. त्या पद्धतीत दुकानदाराचं काही अडकत नाही. कापडात, सुतात, कातड्यात पैसे घालून वाट बघत बसतो तो बनवणारा. फेअर ट्रेडच्या, म्हणजे बनवणाऱ्याला रास्त मोबदला देणाऱ्या व्यापाराच्या, जागतिक संघटनेची जी दहा तत्त्वं आहेत, त्यांत हस्तकलेच्या ऑर्डरवर कारागिराने मागितल्यास निदान 50 टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, असं सांगितलं आहे. आम्ही न मागताच देतो. ऑर्डर देताना निम्मे, माल तपासून घेताना उरलेले. वस्तू आमच्या शेल्फवर वर्षभर पडून राहिली तरी बनवणाऱ्याचे पैसे त्याला कधीच पोचलेले असतात.

पण आमचं भांडवल थोडं. त्यामुळे ज्याची वस्तू विकली गेली, त्यालाच पुढची ऑर्डर देणं परवडतं. आणि विकली गेली हे कळतं ते वहीला टाचलेल्या त्या अर्ध्या टॅगवरून. दर रविवारी आम्ही वहीची पानं बघतो आणि फोन लावतो. टॅग हरवला की बनवणारीच्या पानावर काही दिसत नाही, आणि तिला फोन जात नाही. चार नंबरच्या ताईंनी एकदा स्वतःच फोन करून विचारलं, “माझं काम आवडेनासं झालं का तुमच्या गिऱ्हाइकांना?” त्यांच्या तीन गोधड्या विकल्या गेल्या होत्या. टॅग नव्हते. तो प्रश्न आमच्या मनातून अजून जात नाही.

टॅग जातात कुठे

कारणं साधीच असतात. झोळी खांद्याला लावून आरशात बघताना दोरा मध्ये येतो, म्हणून काढला जातो. लहान मुलं सावंतवाडीच्या लाकडी आंब्या-केळ्यांचे टॅग ओढतात. चपलांचे तीन-चार जोड घालून बघताना अदलाबदल होते. असं काही झालं तर टॅग शेल्फवर ठेवून जाऊ नका, काउंटरवर जो कोणी असेल त्याला तेवढं सांगा. वस्तू समोर असते तोवर जुळवणं सोपं असतं. कोणी रागावणार नाही.

सगळ्यात जास्त टॅग मात्र जातात ते भेटवस्तूंचे. ‘आहेर द्यायचाय, किंमत दिसायला नको,’ म्हणून बिल व्हायच्या आधीच टॅग तोडला जातो. तर हे नीट लक्षात घ्या : किंमत फक्त वरच्या अर्ध्यावर असते, आणि तो अर्धा आम्हीच काढून घेतो. तुमच्याबरोबर येणाऱ्या अर्ध्यावर किंमत नसते. तो तसाच राहू द्या. ज्यांना भेट मिळते त्यांना गोधडी कुठल्या गावची, धुवायची कशी हे कळतं, आणि पुढे काही उसवलं तर त्यांनाही आमच्याकडे येता येतं. आमचे कितीतरी ग्राहक पहिल्यांदा असेच आले आहेत, हातात अर्धा टॅग घेऊन.

घरी गेल्यावरही टॅग टाकू नका

एका गृहस्थांनी आठ महिने वापरलेली कोल्हापुरी दुरुस्तीला आणली. एका चपलेचा अंगठा सुटला होता. टॅग नव्हता. आमच्या चार कारागिरांपैकी कोणाचीही असू शकेल अशी चप्पल. अंदाजाने एकाकडे पाठवली. त्यांनी ती उलटी करून तळाची शिलाई पाहिली आणि सांगितलं, “ही माझी नव्हे, माझी वादी याहून बारीक असते.” मग ती दुसऱ्यांकडे गेली. दहा-बारा दिवसांच्या कामाला पाच आठवडे लागले, आणि त्या गृहस्थांना आमचा राग आला. आम्ही तेव्हा काय बोलणार?

दुरुस्ती ज्याची त्याच्याकडेच पाठवण्याचा आमचा आग्रह आहे. कोल्हापुरीला खिळे नसतात. ती चामड्याच्या वादीनेच शिवलेली असते. दुसऱ्याने ओढलेली वादी त्या शिलाईत बसत नाही. शिवाय आपलं काम कुठे कमी पडलं ते बनवणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, आणि पुढचे जोड सुधारतात. टॅग असेल तर पहिल्या वर्षातली दुरुस्ती मोफत आहे. बदलून घ्यायचं असेल तर 15 दिवसांत, न वापरता, न धुता आणि टॅगसकट आणा.

आणखी एक. टॅगवर ‘अथणी’ वाचून काहीजण म्हणतात, हे कर्नाटकातलं, म्हणजे खरी कोल्हापुरी नव्हे. तसं नाही. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे वस्तू ठरावीक भागातलीच असल्याची) नोंदणी मिळाली ती आठ जिल्ह्यांसाठी : आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी बेळगाव जिल्ह्यात आहे आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. आम्ही गावाचं नाव लपवत नाही, कारण ते सांगण्यासाठीच टॅग आहे.

‘तशीच हवी’ आणि ‘कमी नाही का होणार’

बहिणीकडे आहे तशीच झोळी हवी, असं म्हणून फोनमधला फोटो दाखवतात. फोटोवरून ओळखता येत नाही. बहिणीला तिच्याकडच्या टॅगचा फोटो पाठवायला सांगा, मग आम्ही त्याच हातची मागवू. तरी अगदी तशीच येणार नाही. गोधडी जुन्या साड्यांची. तीच साडी पुन्हा कुठून आणायची? त्याच घरातली दुसरी साडी येईल, धावदोऱ्याचे टाके मात्र तितकेच बारीक असतील. चपलेचा डावा-उजवाही कधी रंगाला उणाअधिक असतो, कारण कातड्याचा पाठीचा आणि पोटाचा भाग सारखा रंग घेत नाही. आम्ही जोड लावताना जमेल तेवढं जुळवतो.

भाव एकच आहे. शंभर रुपयांच्या वस्तूतले सत्तर रुपये बनवणाऱ्याला जातात. उरलेल्या तीसमध्ये दुकानाचं भाडं, वीज आणि मालाची ने-आण. त्यातून काय कमी करायचं? ‘वीस घेतल्या तर?’ असंही विचारतात. कारखान्यात साचा एकदा तयार झाला की विसावा नग स्वस्त पडतो. विसावी गोधडी शिवायला मात्र पहिलीइतकेच दिवस लागतात, आणि बोटंही तितकीच दुखतात.

लग्नाच्या किंवा दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरी आम्हाला हव्याच आहेत, फक्त निदान दोन महिने आधी सांगा आणि निम्मे पैसे तेव्हाच भरा. ते आमच्याकडे राहत नाहीत, त्याच आठवड्यात गावाला जातात. पावसाळ्यात कातडं वाळत नाही, रंगवलेलं कापडही वाळत नाही, त्यामुळे दिवाळीची ऑर्डर गणपतीनंतर दिली तर आमचा नाइलाज होतो.

वापरताना

घोंगडीबद्दल सगळ्यात जास्त फोन येतात. ताठ आहे, टोचते, वास येतो. ही दख्खनी मेंढीची लोकर आहे, मऊ शालीची नव्हे. काळा रंगही बहुधा मेंढीचाच, दिलेला नव्हे. विणण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ लावतात, ताठपणा तिचा. एकदा गार पाण्यात धुऊन झटकली की खळ निघते आणि घोंगडी अंगाला सरावते. वास दोन-तीन उन्हांत जातो. मशीनमध्ये टाकू नका. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की लोकर आटून तिचा जाड नमदा (घट्ट गुंतलेला लोकरीचा थर) होतो, आणि त्याला उपाय नाही. ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, कसर लागत नाही. जमिनीवर अंथरून एकदा झोपून बघा. पाठीला ऊब काय असते ते कळेल.

कोल्हापुरी पावसात घालू नका, भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरजवळ नको. नवी चावत असेल तर पट्ट्याला आतून थोडं तेल लावून रात्रभर ठेवा.

निळीत रंगवलेलं कापड सुरुवातीला अंगाला निळं लागतं. वरवर बसलेली जादा नीळ असते ती, दोन-तीन धुण्यांत जाते. वेगळं धुवा, साबणाच्या पावडरमध्ये भिजत घालू नका. लाकडी फळं कोरड्या फडक्याने पुसा, एवढंच.

हातमागाचं कसं ओळखायचं, हेही खूप जण विचारतात. काठाजवळ बघा : टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं ओळीने दिसतात. विणताना पन्हा ताणून धरायला आडवी पट्टी लावतात, तिच्या दातांची ती खूण. ग्राहक ती दोष म्हणून परत आणतात, वास्तविक ती बघूनच घ्यावं. केंद्र सरकारचा हँडलूम मार्क, म्हणजे कापड हातमागाचं असल्याची खूण, 2006 पासून आहे, तोही आमच्या बऱ्याच कापडांवर मिळेल. ठशाच्या छपाईत एका ठशाला दुसरा जिथे भिडतो तिथे केसाएवढी फट किंवा रंगाची चढती रेघ दिसते. यंत्रावरच्या छपाईत असा सांधा दिसत नाही.

काउंटरवर कोण असतं

आम्ही चौदाजण आहोत. कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी बँकेतून निघाल्यावर संध्याकाळी येणारे, दोघं कॉलेजातली. पगार कोणालाच नाही. जगभर अशा दुकानांची सुरुवात साधारण अशीच झाली. अमेरिकेत एडना रूथ बायलर यांनी 1946 मध्ये पोर्तो रिकोतल्या बायकांचं भरतकाम आपल्या ओळखीत विकायला घेतलं, आणि नेदरलँड्समध्ये 1969 मध्ये पहिलं ‘वर्ल्ड शॉप’ उघडलं, तेव्हापासून युरोपातली अशी असंख्य दुकानं स्वयंसेवकांनीच सांभाळली आहेत.

पण रोज वेगळं माणूस असल्याने तुम्ही मंगळवारी ज्यांच्याशी बोललात, ते शनिवारी नसतात. ‘मागच्या वेळी एक ताई होत्या, त्यांना सगळं माहीत आहे,’ असं सांगितलं तर समोरचा माणूस गोंधळतो. त्याला टॅगचा क्रमांक द्या. वही उघडली की दोन मिनिटांत सगळं सापडतं, मग काउंटरवर कोणीही असो. बिल हाताने लिहितो, त्याला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात गोधड्यांचं कपाट बघून घ्या, नव्या आलेल्या सगळ्यात खालच्या खणात असतात आणि तिथवर सहसा कोणी वाकत नाही.

घरात कपाटात, ड्रॉवरमध्ये आमचे जुने टॅग सुटे पडलेले असतील तर आणून द्या. वस्तू आठवत नसली तरी चालेल, क्रमांक पुरे आहे. काउंटरच्या डाव्या बाजूला पत्र्याचा डबा ठेवला आहे, त्यात टाका. गेल्या महिन्यात त्या डब्यात नऊ टॅग आले. त्यांतले दोन गो-4 चे होते, आणि त्याच संध्याकाळी ताईंना फोन गेला.