उत्तर इटली, गाडी आपली आपण: नाव नोंदवण्याआधी वाचावे असे

आमच्या ‘द्राक्षमळे आणि सरोवरे’ या ११ रात्रींच्या सहलीत चालक तुम्हीच असता. हॉटेलं, खोल्या आणि दर सोबतच्या वेगळ्या पत्रकात आहेत. इथे गाडी, रस्ते, वाइन आणि जेवण यांविषयी, म्हणजे फोनवर सर्वात जास्त विचारल्या जाणाऱ्या गोष्टींविषयी.

सहलीचा सगळा आराखडा एका नियमावर बेतला आहे. ज्या दिवशी वाइन, त्या दिवशी किल्ली हॉटेलात. इटलीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालतं, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर अजिबात चालत नाही. भारताची मर्यादा याहून कमी आहे हे खरं, पण इटलीत दुपारी दोन वाजता द्राक्षमळ्यांमधल्या रस्त्यावरही पोलीस अडवून फुंकायला लावू शकतात, आणि डिसेंबर २०२४ पासून शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत. चार-पाच वाइन चाखल्या की ‘थोडीशीच घेतली’ हा हिशेब कुणालाच नीट जमत नाही. म्हणून वाइन मुरवणाऱ्या तळघरांच्या भेटीच्या दिवशी स्थानिक चालकासह गाडी आम्ही देतो आणि तिचे पैसे दरात धरलेले आहेत. ‘ती गाडी वगळून दर कमी करा’ ही विनंती आम्ही मान्य करत नाही.

मार्ग

मिलानच्या मालपेन्सा विमानतळावर उतरल्यावर लगेच गाडी ताब्यात देत नाही. रात्रभराचा प्रवास, अपुरी झोप आणि त्यात रस्त्याची उजवी बाजू. हे तिन्ही एकाच दिवशी नकोत. त्या दिवशी चालक तुम्हाला आल्बाला सोडतो आणि तुमची गाडी दुसऱ्या दिवशी हॉटेलवर येते.

आल्बा परिसरात, म्हणजे पिएमोंते प्रांतातल्या लांगे टेकड्यांत, चार रात्री. मग वाटेत ओर्ता सरोवर पाहून माज्जोरे सरोवराकाठी स्त्रेझाला दोन, कोमो सरोवराच्या पश्चिम काठावर दोन, फ्रांचाकोर्ता या वाइनच्या प्रदेशात एक आणि शेवटी गार्दा सरोवर व वाल्पोलिचेल्ला हा वाइनचा प्रदेश मिळून दोन. मुक्काम बदलण्याच्या दिवशी साधारण शंभर ते पावणेदोनशे किलोमीटर गाडी चालवावी लागते. यात व्हेनिस किंवा फ्लोरेन्स बसवता येईल का, असं विचारलं जातं. बसवता येतं, पण मग ही सहल राहत नाही. त्यासाठी आमची दुसरी सहल आहे.

गाडी लहान घ्या

पुण्या-मुंबईत मोठी एसयूव्ही चालवणाऱ्यांना तिथेही तीच हवी असते. आमचा सल्ला उलटा आहे. ला मोर्रा, मोनफोर्ते दाल्बा, सेर्रालुंगा ही गावं टेकड्यांच्या माथ्यावर आहेत आणि त्यांच्या गल्ल्या मोटारीचा शोध लागण्याआधीच्या. कोमोच्या पश्चिम काठाने जाणारा व्हिया रेजिना रस्ता काही गावांत इतका आवळतो की समोरून बस आली तर कुणातरी एकाला गाडी मागे घ्यावी लागते, आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंत असते. ऐट हवी असेल तर छोटी कन्व्हर्टिबल घ्या. मे-जूनमध्ये छत उघडून सरोवराकाठी जाण्यात जी मजा आहे ती सात सीटच्या गाडीत नाही. चार मोठी माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर दोन गाड्या घ्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर नोंदणी करतानाच सांगा, काउंटरवर ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

अनामत रक्कम चालकाच्या स्वतःच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. महागड्या गाड्यांना दोन कार्डं आणि वयाची अटही असते. विम्यात काच, टायर आणि गाडीचा तळ बहुधा येत नाही. गाडी घेताना चारही बाजूंचे आणि चाकांच्या रिमचे फोटो काढून ठेवा, रिम सर्वात आधी घासली जातात.

रस्त्यावर

पहिल्या दिवशी दोन गोष्टी हमखास होतात. एक, वळताना इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होतो, कारण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो दांडा उजवीकडे असतो आणि तिथे डावीकडे. दुसरी गोष्ट जास्त महागात पडते. चालक डावीकडे बसल्यामुळे उजव्या बाजूचा अंदाज येत नाही, गाडी नकळत उजवीकडे सरकत जाते आणि आरसा भिंतीला किंवा उभ्या गाडीला लागतो. शेजारी बसणाऱ्याने पहिले दोन दिवस मोबाइल बाजूला ठेवून उजवीकडे लक्ष ठेवावं. चौकातल्या गोल वर्तुळात आधीपासून फिरणाऱ्या गाड्यांना वाट द्यायची. हॉर्न नाही.

महामार्गाला तिथे आउतोस्त्रादा म्हणतात. वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर, पावसात ११०, गावात ५०. गावाबाहेर दिवसाही दिवे लावायचे. काही महामार्गांवर ‘टुटर’ यंत्रणा दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजते, त्यामुळे कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही. टोलनाक्यावर फक्त ‘टेलेपास’ लिहिलेल्या पिवळ्या रांगेत शिरू नका. ती आपल्या फास्टॅगसारख्या यंत्रवाल्यांसाठी आहे. कार्डाच्या किंवा रोखीच्या रांगेत जा. मालपेन्सा आणि कोमो यांच्या मधल्या भागातल्या ए-३६ महामार्गावर मात्र नाकाच नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि टोल १५ दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचा असतो. तुमच्या वाटेत हा रस्ता आला तर टोल आम्ही भरतो, फक्त त्याच दिवशी कळवा.

आता सर्वात खर्चिक विषय: झेड-टी-एल. जुन्या शहरांच्या मध्यभागी परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी असते. पांढऱ्या गोल पाटीला लाल कडा, खाली वेळा, वर कॅमेरा. अडवणारं कुणी नसतं, म्हणून आत शिरल्याचं कळतही नाही, आणि बाहेर निघून परत शिरलात तर दुसरा दंड. नोटीस काही महिन्यांनी गाडीच्या कंपनीकडे जाते. कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवते, त्याचं शुल्क वेगळं कापते आणि मूळ दंड मग घरी येतो. नकाशाचं ॲप याची सूचना देईलच असं नाही. हॉटेल अशा भागात असेल तर गाडीचा नंबर आम्ही हॉटेलला आधीच कळवतो. बाकी ठिकाणी गाडी बाहेर लावून चालत जा. दंड कुठल्याही कारणाने झाला तरी तो ग्राहकाचा, यात आम्ही वाद घालत नाही.

पार्किंगमध्ये निळ्या रेषा म्हणजे पैसे, पांढऱ्या म्हणजे सहसा मोफत, पिवळ्या म्हणजे राखीव. पेट्रोलला ‘बेन्झिना’, डिझेलला ‘गासोलियो’. पंपावर ‘सेर्व्हितो’ लिहिलेल्या बाजूला माणूस भरून देतो आणि लिटरमागे जास्त घेतो.

वाइन

नाशिकच्या वायनरी पाहिलेल्यांना वाटतं की लांगेमध्येही तसंच मोठं टेस्टिंग रूम आणि रेस्टॉरंट असेल. तिथली बरीचशी तळघरं घरगुती आहेत. वेळ ठरवल्याशिवाय दार उघडत नाही, रविवारी अनेक ठिकाणी बंद आणि दुपारी जेवणाची सुट्टी. हा सगळा द्राक्षप्रदेश २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

लांगेची बारोलो ही वाइन केवळ नेब्बियोलो द्राक्षाची. विकायला येण्याआधी किमान ३८ महिने मुरवावी लागते आणि त्यातले १८ लाकडी पिंपात. शेजारच्या बार्बारेस्कोला हीच अट २६ आणि ९ महिन्यांची. ग्लासात रंग फिकट लाल दिसतो, त्यामुळे हलकी वाटते. घोट घेतल्यावर हिरड्या आवळतात इतकी ती तुरट असते. नवख्यांना पहिल्या घोटात ती आवडत नाही. जेवणाबरोबर पुन्हा घेऊन पाहा. तळघरात दोन प्रकारची पिंपं दिसतील, माणसाच्या दुप्पट उंचीची जुनी मोठी आणि छोटी फ्रेंच ओकची. कुठली योग्य यावरून तिथल्या घराण्यांत गेल्या पिढीत चांगलीच जुंपली होती. यजमानांना त्याबद्दल विचारा, गप्पा रंगतात. चाखून भांड्यात थुंकणं तिथे असभ्य मानत नाहीत.

वाल्पोलिचेल्लाची आमारोने याहून वेगळी. कोर्विना आणि तिच्या जोडीची द्राक्षं तोडल्यावर तीन-चार महिने हवेशीर माळ्यावर एकेरी थरात सुकत ठेवतात. वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतं, साल सुरकुतते, मग ती चेचून आंबवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर हा माळा भरलेला पाहायला मिळतो. तो वास वाइनपेक्षाही लक्षात राहतो, असं आमचं मत. फ्रांचाकोर्ताची फसफसती वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात.

वाइन न पिणाऱ्यांनाही ही सहल जमते. आल्बा हे फेरेरो या चॉकलेट कंपनीचं गाव, हेझलनटच्या बागा सगळीकडे. गाड्यांचे शौकीन असाल तर कोमोकाठी मांदेल्लोला मोतो गुत्झी या मोटरसायकल कंपनीचं संग्रहालय आणि ब्रेशाला १९२७ साली सुरू झालेल्या मिल्ले मिल्या या मोटार शर्यतीचं संग्रहालय आहे.

सरोवरं

इथे गाडी शक्यतो उभी ठेवा. ओर्ता सान जूलियो गावात गाडी जातच नाही. स्त्रेझाहून बोरोमेओ बेटांवर बोटीने, आणि त्यांतल्या इसोला बेल्लावर सकाळी पहिल्या बोटीने. कोमोकाठच्या बेलाज्जो गावी गाडी घेऊन जाण्याचा हट्ट धरू नका. पश्चिम काठावरच्या मेनाज्जो किंवा कादेनाब्बियाला लावून बोटीने जा. गाडी पलीकडे न्यायचीच असेल तर फेरीबोट आहे, पण रविवारी दुपारी रांग लांब असते. गार्दाकाठच्या सिर्मियोनेचा किल्ला सकाळी नऊच्या आत गाठा.

शाकाहारी मंडळींसाठी

‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. बान्या काउदा नावाची भाज्यांबरोबर येणारी चटणी अँकोव्ही माशांची असते. रिसोत्तो हा भाताचा प्रकार बहुधा मांसाच्या पाण्यात शिजवतात. पार्मिज्यानो आणि ग्राना पादानो चीजमध्ये दूध घट्ट करणारं, वासराच्या पोटातलं रेनेट असतं. आम्ही प्रत्येक जेवणाच्या ठिकाणी तुमचे नियम इटालियनमध्ये लिहून पाठवतो, त्याचं छापील कार्डही देतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पांढरी ट्रफल मिळते: जमिनीखाली वाढणारी, कुत्र्यांच्या मदतीने शोधलेली बुरशी. टेबलावर कच्चीच किसून वाढतात आणि ग्रॅमवर पैसे लावतात. किसणाऱ्याला कुठे थांबायचं ते आधी सांगा. जैन जेवण हवं असेल तर ठरवण्याआधी आमच्याशी बोला, काही मुक्कामी ते जमत नाही.

कधी जावं

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. मेच्या शाळेच्या सुट्टीत हिरवळ असते, द्राक्षं नसतात. नेब्बियोलोची तोडणी साधारण ऑक्टोबरात. दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली तर ट्रफलचा हंगाम साधतो, मात्र नोव्हेंबर लागला की सरोवरांकाठची बरीच हॉटेलं मार्चपर्यंत बंद होतात आणि लांगेत धुकं उतरतं. १५ ऑगस्टचा, म्हणजे इटलीतल्या मोठ्या सुट्टीचा, आठवडा आम्ही विकत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत अनेक रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या असतात.

कागदपत्रं

आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. ते एक वर्ष चालतं. मूळ परवाना आणि हे परमिट दोन्ही बरोबर हवं, झेरॉक्स चालत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना खास सीट लागते, म्हणून मुलांची उंची आणि वजन कळवा. परतताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. बाटल्या चेक-इन बॅगेत.

नाव नोंदवताना द्यायचं ते असं: पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या परवान्याची दोन्ही बाजूंची प्रत, आणि तळघरांच्या भेटींत कोण पिणार, कोण नाही याची यादी.