बेअरिंग बसवतानाच मरतं, अन् नाव दुकानदाराचं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही जुन्या चादरीच्या कारखान्यात जा, नवीन टाकलेलं बेअरिंग लवकर आवाज करायला लागलं की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री, म्हणणार, "माल डुप्लिकेट लागला ओ." आता डुप्लिकेट माल बाजारात असतोच, पण बऱ्याचदा बेअरिंग बसवतानाच गेलेलं असतं, अन् ते भंगारात फेकायच्या आधी कापून रेस, म्हणजे रिंगवरची गोळ्या पळतात ती खाच, नीट बघितली तर कळतं.

समजा लूमच्या (मागाच्या) मोटरला ६२०६ नंबरचं बेअरिंग आहे. शेवटच्या ०६ ला ५ ने गुणायचं, म्हणजे भोक ३० मिमी. फिरतो शाफ्ट, म्हणून आतली रिंग शाफ्टवर टाइट बसवतात अन् बाहेरची हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंग बसतं त्या घरात, किंचित सैल चालते. आता टाइट आहे आतली अन् आपण हातोडा हाणतो बाहेरच्या रिंगवर, मग तो सगळा दणका आत जाणार कुठून, तर गोळ्यांमधून. गोळी रेसला टेकते ती टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत, त्यामुळं तिथं दाब इतका वाढतो की कडक क्रोम स्टीललासुद्धा खड्डा पडतो. डोळ्याला दिसेलच असं नाही, पण पुढं प्रत्येक गोळी त्या खड्ड्यातून आपटत जाते अन् तिथूनच पापुद्रे सुटायला लागतात.

म्हणून उघडल्यावर दोन गोळ्यांमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर डाग दिसले तर दोष हातोड्याचा. रेसवर एकमेकींच्या जवळ आडव्या बारीक पट्ट्या असतील तर बेअरिंगमधून करंट गेलाय. मशीनवर वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा कुठंतरी लांब फ्रेमला लावला की हे होतं, अन् हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. आतल्या रिंगचं भोकच घासून चकाकतंय? मग रिंग शाफ्टवर फिरत होती, शाफ्ट झिजलाय. अशा वेळी सेंटर पंचानं शाफ्टवर टिंब मारून नवीन बेअरिंग ठोकायची आपल्याकडं लई सवय, पण ती टिंबं थोड्याच दिवसांत दबतात, मग परत तेच. लेथवाल्याकडं नेऊन शाफ्ट वेल्डिंगनं भरून टर्निंग केलेलं बरं.

बसवायचं कसं? पाइपचा तुकडा फक्त आतल्या रिंगवर टेकवून, नाहीतर तापवून. स्टील ८० डिग्रीनं जास्त तापलं की ३० मिमीचं भोक साधारण ०.०३ मिमीनं मोठं होतं, तेवढ्यात बेअरिंग हातानं सरकतं. मे महिन्यात शेडमध्ये ४० डिग्री असतंच की, म्हणजे ११०-१२० पर्यंत नेलं की झालं, त्याच्यावर नको, अन् गॅसची ज्योत तर अजिबात नको, एका जागी जास्त तापून कडकपणा उतरतो. सीलवालं, म्हणजे बाजू बंद असलेलं बेअरिंग मात्र तापवायला गरम तेलात टाकू नका, आतलं ग्रीस बिघडतं.

ग्रीसही ठासून भरू नये, मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पुरतं, जास्त झालं की ते घुसळून घुसळून तापतं. टॉवेलच्या लूमवर अजून एक भानगड, सुताचा तूस उडून बसतो अन् ग्रीसमधलं तेल शोषून घेतो, तिथं उघडं बेअरिंग टाकूच नका, दोन्ही बाजूनं रबरी सीलवालंच घ्या.