ताकायामा (हिदा प्रांतातील व्यापारी नगर)

ताकायामा : जपानच्या गिफू प्रांतातील जुने व्यापारी नगर. होन्शू बेटाच्या मध्यभागी, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मी. उंचीवर ते मियागावा नदीच्या काठी वसले आहे. पूर्वीच्या हिदा प्रांताचे हे मुख्य ठाणे होते. २००५ मध्ये आसपासची गावे सामील झाल्यापासून क्षेत्रफळाच्या दृष्टीने ही जपानमधील सर्वांत मोठी नगरपालिका ठरली. मात्र प्रवासी जिच्यासाठी येतात ती ‘सान्माची’ ही तीन समांतर गल्ल्यांची पेठ सावकाश चालूनही थोड्या वेळात संपते. तेथील जुनी लाकडी घरे बाहेरून साधी, काळसर आणि ठेंगणी दिसतात. या साधेपणामागे गरिबी नव्हती, हे ध्यानात ठेवले तरच नगराचा उलगडा होतो.

हिदा हा डोंगराळ व जंगलांचा मुलूख असल्याने तेथे भातशेती बेताचीच होती. म्हणूनच आठव्या शतकातील योरो संहिता या जपानी कायदेसंग्रहानुसार या प्रांताला काही करांतून सूट देण्यात आली आणि त्याबदल्यात दर गावामागे दहा सुतार राजधानीत बांधकामासाठी पाठवण्याचे बंधन घालण्यात आले. नारा आणि क्योतो येथील वाडे व मंदिरे उभारताना राबलेल्या या कारागिरांमुळे ‘हिदाचे सुतार’ ही ख्याती देशभर पसरली. गाव मात्र नगर म्हणून आकाराला आले ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस. कानामोरी नागाचिका या सरदाराने १५८८ मध्ये टेकडीवर किल्ल्याचे काम सुरू केले. उंचवट्यावर सामुराईंची वस्ती, नदीकाठच्या सखल भागात व्यापाऱ्यांच्या गल्ल्या आणि पूर्वेच्या टेकड्यांच्या पायथ्याशी देवळांची रांग अशी आखणी त्याने केली. ती आजही नकाशावर ओळखू येते.

कानामोरी घराण्याने सहा पिढ्या राज्य केल्यावर १६९२ मध्ये शोगुनशाहीने (जपानवर हुकूमत असलेल्या लष्करी सत्तेने) त्यांची बदली दूर उत्तरेला केली आणि हिदा थेट आपल्या ताब्यात घेतला. इमारती लाकूड आणि खाणी हे त्याचे उघड कारण मानले जाते. किल्ला पाडण्यात आला, सामुराई निघून गेले आणि नगरात कारभारापुरते अधिकारी उरले. त्यांची कचेरी ‘जिन्या’ नावाने आजही उभी आहे. देशभर अशा साठांहून अधिक कचेऱ्या होत्या. त्यांपैकी मुख्य इमारतीसह टिकलेली ही एकमेव होय. फळ्यांनी शाकारलेले छप्पर, कर म्हणून आलेला तांदूळ साठवण्याचे प्रचंड कोठार आणि खिळ्यांची डोकी झाकणारे सशाच्या आकाराचे धातूचे टोपण अशा बारीकसारीक गोष्टींसाठी ती निवांतपणे पाहावी. सरदार गेल्यामुळे नगरातील पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही व्यापाऱ्यांकडे आली. मद्य गाळणारे, लाकूड व रेशमाचा व्यापार करणारे आणि सावकारी करणारे हे धनिक ‘दान्ना’ म्हणून ओळखले जात.

पैसा आला तरी तो मिरवण्यास बंदी होती. सामान्य प्रजेने घरासाठी उंची लाकूड वापरू नये असा दंडक होता. त्यामुळे दर्शनी लाकडावर काजळी आणि लोहयुक्त लाल माती यांचे मिश्रण फासले जाई. त्यातूनच गल्लीला तिचा एकसारखा तपकिरी-काळा रंग आला. दर्शनी बाजूचा वरचा मजला बुटका ठेवला जाई. रस्त्याने जाणाऱ्या सामुराईकडे वरून पाहण्याची सोय नसावी हे त्याचे कारण सांगितले जाते. खालच्या मजल्यावर बारीक उभ्या पट्ट्यांची जाळी पुढे आलेली असते. तिच्यातून आतल्या माणसाला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला आतले दिसत नाही. घराची दर्शनी रुंदी कमी आणि खोली भरपूर असते. दारातून आत गेल्यावर थोपलेल्या मातीची मोकळी जागा लागते, तिच्या कडेने उंच चौथऱ्यावर दुकानाची व बैठकीची दालने येतात, त्यामागे छोटी बाग आणि अगदी परसात जाड मातीच्या भिंतींचे कोठार असते. आग लागली तर घर जाईल पण माल वाचेल, हा त्यामागचा हिशेब. आगीची धास्ती इतकी होती की अग्निरक्षक अकिबा देवतेची लहान देवळे नगरात जागोजागी दिसतात.

या घरांचा कळस पाहायचा तर सान्माचीच्या उत्तरेला कुसाकाबे आणि योशिजिमा ही शेजारशेजारची घरे गाठावी लागतात. १८७५ च्या आगीत जळालेले कुसाकाबे घर १८७९ मध्ये पुन्हा बांधण्यात आले. योशिजिमा या मद्य गाळणाऱ्या घराण्याचे सध्याचे घर १९०७ चे. तोवर १८६८ मध्ये सुरू झालेल्या मेइजी सम्राटाच्या राजवटीत जुने निर्बंध उठले होते आणि सुतारांना हात मोकळा मिळाला होता. आपल्याकडच्या वाड्यात उजेड चौकातून येतो. येथे तो छताजवळच्या खिडक्यांतून उतरतो आणि उघड्या ठेवलेल्या तुळया व खांबांच्या जाळ्यावर पडतो. कुसाकाबेच्या तुळया दणकट आहेत, तर योशिजिमाचे लाकूडकाम सडपातळ आणि नाजूक. दोहोंपैकी योशिजिमा अधिक देखणे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दोन्ही घरांना १९६६ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला.

घरावर करता न येणारा खर्च व्यापाऱ्यांनी उत्सवाच्या रथांवर केला. १४ व १५ एप्रिलला हिए देवस्थानाचा वसंतोत्सव आणि ९ व १० ऑक्टोबरला साकुरायामा हाचिमान देवस्थानाचा शरदोत्सव होतो. पहिल्यात १२ व दुसऱ्यात ११ रथ असतात. प्रत्येक रथ एकेका मोहल्ल्याच्या मालकीचा. लाखेचे काम, सोन्याचा मुलामा, विणलेले पडदे आणि कोरीवकाम यांत मोहल्ल्यांची चुरस चाले. किरिन्ताई या रथावर तानिगुची योरोकू (१८२२–१८६४) याने कोरलेली खेळकर मुले या चुरशीची साक्ष देतात. काही रथांवर कळसूत्री बाहुल्या आहेत. शरदोत्सवातील होतेइताई रथावर दोन बाल-बाहुल्या झोपाळ्यांच्या दांड्यांवरून झोके घेत पुढे जातात आणि होतेइ देवाच्या खांद्यांवर उतरतात. रथात दडलेले सूत्रधार ३६ दोऱ्यांनी हा खेळ घडवतात. २०१६ मध्ये युनेस्कोने जपानमधील ३३ रथोत्सवांना एकत्रितपणे मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, त्यांत ताकायामाचा समावेश आहे. गल्लीबोळांत मध्येच दिसणारी, अवाजवी उंच दारांची पांढरी कोठारे या रथांची आहेत.

१९३४ मध्ये रेल्वे पूर्ण होईपर्यंत नगर आडवळणालाच राहिले आणि जुनी घरे टिकण्यास ते उपकारक ठरले. जतनाची चळवळ रहिवाशांनी १९६० च्या दशकात सुरू केली. सान्माचीला १९७९ मध्ये आणि उत्तरेकडील शिमोनिनोमाची–ओजिनमाची भागाला २००४ मध्ये राष्ट्रीय संरक्षण मिळाले. यशाची किंमतही चुकवावी लागली आहे. २०१९ मध्ये मुक्कामी परदेशी प्रवाशांची संख्याच सहा लाखांवर गेली, आणि सान्माचीतील बहुतेक दर्शनी दालनांत आता स्मृतिवस्तूंची व खाद्यपदार्थांची दुकाने आहेत. मद्यभट्ट्या मात्र अजून खऱ्या अर्थाने चालू आहेत. त्यांच्या दारावर ‘सुगी’ या जपानी देवदाराच्या पानांचा गोळा टांगलेला असतो. नवे मद्य तयार होते तेव्हा तो हिरवा असतो आणि पुढे वाळून तपकिरी होतो.

नागोयाहून ‘हिदा’ या जलद गाडीने सुमारे सव्वादोन ते अडीच तास लागतात. सकाळी मियागावाच्या काठी आणि ‘जिन्या’ कचेरीसमोर बाजार भरतो. तेथे शेतकरी स्त्रिया भाज्या आणि लाल सलगमाचे लोणचे विकतात. दुकाने संध्याकाळी पाचच्या सुमारास मिटतात, म्हणून गल्ली मोकळी पाहायची असेल तर भल्या सकाळी जावे. घरांत पादत्राणे काढून जावे लागते. हिवाळ्यात बर्फ असते आणि लाकडी जमीन गार पडते, तेव्हा जाड मोजे जवळ ठेवणे बरे. उत्सवात पाऊस आल्यास रथ बाहेर निघत नाहीत; अशा वेळी हाचिमान देवस्थानाशेजारच्या प्रदर्शनगृहात आळीपाळीने ठेवले जाणारे शरदोत्सवाचे काही रथ जवळून पाहता येतात.