'डॉट इंक' कोणाचं? कंपन्यांच्या डोमेनवरून झालेल्या भांडणाची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीच्या फाटकावर 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहिलेलं असतं, तेव्हा त्यामागे बंगळूरच्या कंपनी निबंधकाकडची नोंद असते. नोंद नसताना ते शब्द लावले तर २०१३च्या कंपनी कायद्यानुसार दंड होतो. अमेरिकेत तेच काम 'इंक', 'कॉर्प', 'एलएलसी' ही अक्षरं करतात, फक्त नोंद असते राज्याराज्यांकडे. हीच अक्षरं वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी आली तर त्यांची राखण कोणी करायची, हा वादाचा मुद्दा.

सुरुवात २०१२ची. डोमेनचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने नव्या शेपटांसाठी, म्हणजे पत्त्याच्या शेवटी 'डॉट कॉम'सारख्या येणाऱ्या नावांसाठी, अर्ज मागवले. एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने कोटभर रुपये, नुसता अर्ज करायला! तरीही १९३० अर्ज आले. त्यात 'इंक'साठी ११, 'एलएलसी'साठी ९ आणि 'कॉर्प'साठी ६.

एकाच शेपटावर अनेकांचा दावा असेल तर आपसांत मिटवा, नाहीतर लिलाव, असा नियम होता. अपवाद एकच: अर्जदार एखाद्या खऱ्या समुदायाच्या वतीने आला असेल तर त्याला प्राधान्य. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या 'डॉट रजिस्ट्री' या कंपनीने तेच दार ठोठावलं. राज्याच्या दप्तरी नोंद असलेल्या कंपन्या हा एक समुदाय आहे आणि त्यांनाच डोमेन देऊ, असं तिचं म्हणणं. परीक्षकांनी २०१४ साली ते मानलं नाही. प्राधान्याला १६पैकी १४ गुण लागत, अर्ज त्याच्या जवळपासही गेला नाही. आता निपाणीचा तंबाखू व्यापारी आणि उद्यमबागेतला पंपवाला दोघेही प्रायव्हेट लिमिटेड, म्हणून त्यांचा एक समाज होतो का? परीक्षकांचा आक्षेप साधारण असाच होता, आणि मला तो पटतो. पण पडताळणीचा मुद्दा त्याबरोबर वाहून गेला, ते नाही पटत.

डॉट रजिस्ट्रीने याविरुद्ध दाद मागितली; जुलै २०१६मध्ये लवादाने दोनास एक मताने आयकॅनच्या संचालक मंडळावर ठपका ठेवला. शेपूट मात्र डॉट रजिस्ट्रीला मिळालं नाही. 'इंक' शेवटी इंटरकॅप या कंपनीकडे गेलं आणि त्यावरची डोमेन २०१९मध्ये वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर दराने विक्रीला आली.

'कॉर्प' तर कोणालाच मिळालं नाही. कारण तांत्रिक आणि जास्त मजेशीर. जगभरच्या ऑफिसांनी आपल्या आतल्या नेटवर्कला वर्षानुवर्षं हेच नाव दिलेलं. ऑफिसात लॅपटॉप 'कॉर्प'वरचा सर्व्हर विचारतो, उत्तर आतूनच मिळतं. तोच लॅपटॉप टिळकवाडीतल्या घरी वायफायला जोडला की तो प्रश्न बाहेर इंटरनेटवर जातो. बाहेर खरंच 'डॉट कॉर्प' असतं, तर ऑफिसचा पासवर्डसुद्धा तिऱ्हाइताच्या हाती पडला असता. म्हणून फेब्रुवारी २०१८मध्ये आयकॅनने 'कॉर्प', 'होम' आणि 'मेल' या तिन्ही नावांचे अर्ज बाजूला ठेवून फी परत द्यायचं ठरवलं.

एप्रिल २०१३मध्ये बीजिंगच्या बैठकीत सरकारांनी अशा शेपटांसाठी कागदपत्रं तपासायची मागणी केली होती. आयकॅनने ती मागणी डोमेन घेणाऱ्याच्या स्वतःच्या ग्वाहीवर भागवली. त्यामुळे परदेशातून कास्टिंगची ऑर्डर 'डॉट इंक'च्या ईमेलवरून आली, तरी ती कंपनी ज्या राज्यातली म्हणवते तिथल्या नोंदवहीत नाव पाहावंच लागतं. बहुतेक राज्यांत ते ऑनलाइन सापडतं.