जुन्या मोटारींचे मीटर बदलताना: केबलपासून मेमरी चिपपर्यंत

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डमधील साधे मीटर काढून त्या जागी त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीचे, टॅकोमीटरसह (इंजिनच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्यासह) येणारे मीटर बसवण्याची हौस बरीच जुनी आहे. हे काम एका गाडीत तासाभरात उरकते, तर दुसऱ्या गाडीत आठवडाभर पिच्छा सोडत नाही, आणि याचे कारण बहुधा गाडीच्या वयात सापडते. वेग, इंधन आणि धावलेले अंतर यांचे माप गाडीत नेमके कोठे ठरते, हे काळानुसार बदलत गेले; जिथे ते ठरते, तिथेच अदलाबदल अडते.

ओटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये चुंबकीय स्पीडोमीटरचे पेटंट घेतले. या रचनेत गिअरबॉक्सकडून येणारी लवचीक केबल चुंबक फिरवते, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवरा-प्रवाह (गोल फिरणारा विद्युतप्रवाह) निर्माण होऊन वाटी चुंबकामागे ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला रोखून धरते. या ओढाताणीत काटा जिथे स्थिरावतो, तो गाडीचा वेग. विजेची गरज नसलेली ही रचना इतकी भरवशाची होती की ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपर्यंत टिकली. तिच्यात माप ठरते ते केबलच्या फेऱ्यांवर. अनेक जुन्या जर्मन मीटरांच्या तबकडीवर ‘डब्ल्यू’ या अक्षरापुढे छापलेला बारीक आकडा म्हणजे दर मीटर अंतराला केबलच्या किती फेऱ्या अपेक्षित आहेत, याची नोंद. गाडीची केबल दर मीटर अंतराला १ फेरी देत असेल आणि बसवलेले मीटर ०.८ फेरीचे असेल, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला काटा १०० दाखवतो आणि अंतराची नोंदही त्याच प्रमाणात फुगते. मीटर विकत घेण्यापूर्वी हा आकडा पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण काच आणि चौकट तंतोतंत बसली की माणूस पुढचे तपासत नाही.

इंधनाच्या काट्याचे गणित वेगळे आहे, कारण तिथे माप दोघांत वाटलेले असते. टाकीतील तरंगता फ्लोट विद्युतरोध बदलतो आणि मीटर त्या रोधाचा अर्थ लावते. हा रोध सर्वत्र सारखा ठेवावा, असे उत्पादकांनी कधी ठरवलेच नाही. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत रिकाम्या टाकीला शून्य आणि भरलेल्या टाकीला ९० ओम असे प्रमाण होते, तर सुट्या विकल्या जाणाऱ्या अमेरिकन मीटरांत रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३ ओम हे प्रमाण रूढ झाले. पहिल्या प्रकारचे मीटर दुसऱ्या प्रकारच्या फ्लोटला जोडले, तर भरलेल्या टाकीला काटा एक तृतीयांशाच्या आसपास राहतो आणि इंधन संपत जाईल तसा ‘पूर्ण’कडे चढतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत द्विधातू पट्टीच्या (तापली की वाकणाऱ्या पट्टीच्या) काट्यांना सुमारे १० व्होल्टचा स्थिर दाब देणारा छोटा स्टॅबिलायझर असे. तो न बसवता नवा काटा थेट १२ व्होल्टला जोडला, तर तो गरजेपेक्षा वर जातो.

टॅकोमीटर इग्निशन कॉइलकडून (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या गुंडाळीकडून) येणारे विजेचे ठोके मोजू लागले, तेव्हा सिलिंडरांची संख्याही हिशेबात आली. चार सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक इंजिन फेरीमागे दोन ठोके देते, सहा सिलिंडरांचे तीन. म्हणून सहा सिलिंडरांसाठीचे मीटर चार सिलिंडरांच्या गाडीत मिनिटाला ३००० फेऱ्यांना २००० दाखवते. हौशी मंडळी हा फरक मीटरच्या आतील रोधक बदलून काढतात. मीटर उघडल्यावर मागच्या प्लास्टिक पत्र्यावरील तांब्याच्या पातळ पट्ट्यांना मात्र फार जपावे लागते, कारण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या सैल होतात आणि कनेक्टर ओढताच सोलून निघतात.

पुढे केबलची जागा सेन्सरने घेतली. बॉशने १९८६ मध्ये कॅन ही संदेशप्रणाली जाहीर केली आणि १९९० च्या दशकात मीटर हा गाडीतील इतर संगणकांशी बोलणारा भाग बनला. काही फोक्सवागन गाड्यांत चोरी रोखणारा इमोबिलायझर मीटरमध्येच असल्याने दुसऱ्या गाडीचे मीटर कोडिंगशिवाय, म्हणजे या गाडीशी त्याची ओळख जुळवून न देता, लावले, तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते. काही बीएमडब्ल्यू मॉडेलांत धावलेले अंतर दिव्यांच्या नियंत्रकातही साठवलेले असते आणि दोन नोंदी जुळल्या नाहीत की पडद्यावर खुणेचा ठिपका उमटतो.

ही दुहेरी नोंद ओडोमीटर (धावलेल्या अंतराचा आकडा) मागे फिरवून गाडी विकण्याच्या फसवणुकीला आळा घालते. अमेरिकेने त्याविरुद्ध १९७२ मध्येच संघराज्य कायदा केला होता. मीटर बदलण्यास तो मनाई करत नाही. नव्या मीटरवर जुना आकडा आणता येत नसेल, तर ते शून्यावर ठेवून आधीचे अंतर आणि बदलाची तारीख लिहिलेली सूचना डाव्या दाराच्या चौकटीवर चिकटवावी, असे तो सांगतो. ज्या जुन्या मीटरांची रचना जुळते, तिथे काळजी घेणारे कारागीर मूळ आकडेचक्रच अलगद काढून नव्या तबकडीमागे बसवतात, म्हणजे गाडीचे खरे अंतर गाडीसोबतच राहते.