पिळाचे क्ष-किरण: पार्श्वभूमी

१९९२ मध्ये एकाच नावाच्या दोन गोष्टी पुढे आल्या. चुंबकीय पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचा कक्षीय कोनीय संवेग (केंद्राभोवती फिरण्यातून येणारा) क्ष-किरणांच्या शोषणातून काढण्याचा नियम त्या वर्षी मांडला गेला. त्याच वर्षी लेझरवाल्यांनी दाखवले, की तरंगाग्र मळसूत्रासारखे पिळलेले असले तर खुद्द झोताकडेच असा संवेग असतो, दर फोटॉनमागे एच-बारच्या (क्वांटम जगातले कोनीय संवेगाचे एकक) पूर्ण पटीत, आणि त्याचा ध्रुवणाशी संबंध नाही. पुण्याहून रात्रीच्या बसने इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरण काढणाऱ्या यंत्रावर, नमुने घेऊन जाणारी मंडळी बोलतात ती बहुधा पहिल्याबद्दल. इथे विषय दुसऱ्याचा आहे.

क्ष-किरणांना पीळ घालणे कटकटीचे. त्यांचा अपवर्तनांक एकपेक्षा दहा लाखातल्या काही अंशांनीच वेगळा, त्यामुळे फेज (लाटेची कला) एक पूर्ण फेरा फिरवायला हलक्या पदार्थाची काही दशक मायक्रॉन जाडी लागते. २००२ मध्ये ९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या झोतात असा पिळाचा भोवरा तयार झाला. आडव्या धरलेल्या तारेभोवतीच्या विवर्तनातून उमटलेल्या पट्ट्यांवरून तो ओळखला गेला. पुढे २००८ मध्ये गणित आले, की सर्पिल अंड्युलेटरच्या (इलेक्ट्रॉनांना मळसूत्री वाटेने नेऊन प्रकाश काढणारी चुंबकांची रांग) वरच्या हार्मोनिक्समध्ये, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या प्रकाशात, पीळ आपोआपच असतो, आणि २०१३ मध्ये बर्लिनमध्ये तो ९९ इलेक्ट्रॉनव्होल्टला मोजला गेला. म्हणजे जगभरच्या यंत्रांतून तो आधीपासून निघतच होता, फक्त इलेक्ट्रॉनांचा झोत इतका पसरट, की सगळे पुसले जाई.

खरा वाद पीळ अणूला कळतो का, हा. २००७ च्या एका भाकिताने शोषणात मोठा फरक दिसेल असे सांगितले आणि बऱ्याच जणांच्या तोंडाला पाणी सुटले. पण हिशोब पाहा. झोत १०० नॅनोमीटरपर्यंत आवळला तरी अणू त्याच्या हजारपट लहान. भोवऱ्याच्या मधोमध तीव्रता शून्य, आणि कडेला बसलेल्या अणूला समोरून साधी सपाट लाटच आल्यासारखी वाटते. द्विध्रुवी संक्रमणात, म्हणजे अणूने प्रकाश शोषण्याच्या नेहमीच्या प्रकारात, हा संवेग इलेक्ट्रॉनच्या आतल्या हालचालीत जात नाही, अणूच्या एकूण हालचालीत जातो, हे सैद्धांतिक उत्तर दृश्य प्रकाशासाठी आधीच मिळाले होते. चतुर्ध्रुवी या बऱ्याच क्षीण प्रकारच्या संक्रमणात एक एकक आत जाऊ शकते. २०१६ मध्ये सापळ्यात धरलेल्या एकट्या कॅल्शियम आयनावर ते दिसलेही, पण तिथे आयन भोवऱ्याच्या अगदी केंद्राशी नेऊन ठेवावा लागला. भुकटीच्या नमुन्यात कोट्यवधी अणूंना कोण असे बसवणार?

तरीही २०२२ मध्ये लोखंडाच्या के-कडेजवळ (सर्वांत आतला इलेक्ट्रॉन सुटू लागतो ती ऊर्जा), सुमारे ७.१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, किरल (आरशातल्या प्रतिमेशी न जुळणाऱ्या) रेणूंच्या भुकटीवर डाव्या-उजव्या पिळाचा फरक नोंदवला गेला. हा निकाल महत्त्वाचा आहे, पण झोताचे केंद्र जरा सरकले तरी असा फरक निर्माण होऊ शकतो, म्हणून मला तो अजून पक्का वाटत नाही. त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग मला जास्त पटतो. त्यात परमॅलॉय या लोह-निकेल मिश्रधातूच्या ठिपक्यातला चुंबकीय भोवरा, त्यावर टाकलेला अतिनील-पल्याडचा पिळाचा झोत, आणि परावर्तित प्रकाशाच्या आकृतीत दिसलेला फरक. तिथे झोताने अणूला काही विचारलेच नाही, स्वतःएवढ्याच आकाराच्या रचनेशी त्याची गाठ पडली. सध्याचे बहुतेक भरवशाचे काम याच वाटेने चालले आहे.

इलेक्ट्रॉन-झोताचा पसरटपणा मात्र अजून आडवा येतो. एक अँगस्ट्रॉमच्या किरणांसाठी विवर्तन-मर्यादा (झोताची रुंदी गुणिले फाकण्याचा कोन यापेक्षा कमी होत नाही) जेमतेम ८ पिकोमीटर-रेडियन आहे, आणि २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या इंडस-२ सारख्या आधीच्या पिढीच्या यंत्रांचा झोत तिथपासून हजारो पटींनी दूर आहे.